घरातला राउटर नीट लावायचा तर आधी तार, मग हवा

प्लॅन ३०० एमबीपीएसचा आणि स्पीड टेस्टवर आकडा ९४. वाय-फायवर असं झालं असतं तर भिंतींना दोष देऊन गप्प बसलो असतो, पण लॅपटॉपला थेट केबल जोडली तरी काटा ९४च्या वर सरकेना. कंपनीकडे दोनदा तक्रार केली. दोन्ही वेळा 'आमच्याकडून लाइन ओके आहे' असं उत्तर आलं आणि ते खरंच होतं. शेवटी राउटरच्या स्टेटस पानावर गेलो तेव्हा लॅन पोर्टसमोर (घरातल्या केबलच्या भोकासमोर) १०० लिहिलेलं दिसलं. तिथे १००० असायला हवं होतं. केबलचा प्लग उजेडाकडे धरला तर आठ तारांपैकी निळी तार टोकापर्यंत पोचलेलीच नव्हती. १०० एमबीपीएसला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १०००ला, चारही लागतात. त्यामुळे राउटर आणि लॅपटॉप यांनी कसलीही सूचना न देता आपापसात १००वर भागवून घेतलं होतं. प्लग नव्याने बसवला आणि प्रश्न मिटला.

तेव्हापासून कुठल्याही घरचा राउटर लावायचा असला की मी एकच क्रम पाळतो: आधी तार, मग पत्ते, मग हवा, आणि सगळ्यात शेवटी दारं. आधीच्या पायरीवर खात्री झाल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावायचा नाही, आणि एका वेळी एकच सेटिंग बदलायचं. दोन एकदम बदलली तर कशामुळे सुधारलं किंवा बिघडलं ते कळायला मार्ग उरत नाही.

एका डब्यात पाच यंत्रं

ज्याला आपण राउटर म्हणतो त्या डब्यात खरं तर चार-पाच वेगळी कामं चालतात. बाहेरून येणाऱ्या फायबरचा प्रकाश किंवा तारेतला सिग्नल वाचणारा मोडेम (फायबरवर त्याला ओएनटी म्हणतात, तो कधी आत असतो, कधी शेजारी वेगळा डबा असतो), घरातलं जाळं बाहेरच्या जाळ्याशी जोडणारा राउटर, मागच्या लॅन पोर्टांचा स्विच, वाय-फाय देणारा अॅक्सेस पॉइंट, आणि नको ते बाहेरच्या बाहेर अडवणारा फायरवॉल. बिघाड शोधताना 'राउटर खराब आहे' एवढ्यावर थांबू नका. यांपैकी कोण अडलंय ते विचारा. केबलवर नेट चालतंय आणि वाय-फायवर नाही, म्हणजे अॅक्सेस पॉइंट. वाय-फायवरून घरातल्या प्रिंटरवर छापता येतंय पण वेबसाइट उघडत नाही, म्हणजे मोडेम किंवा त्यापलीकडची लाइन.

आत कसं शिरायचं

राउटरचं सेटिंग पान ब्राउझरमध्ये उघडतं. पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, पण अंदाज करत बसू नका. फोनमध्ये जोडलेल्या वाय-फायचे तपशील उघडले की 'गेटवे' किंवा 'राउटर' या नावासमोर तो लिहिलेला असतो. ब्राउझरमध्ये टाकताना अंक इंग्रजीच हवेत. लॉगिनचं नाव आणि पासवर्ड डब्याच्या खालच्या स्टिकरवर सापडतो.

आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे अॅडमिन पासवर्ड बदलणं. हा वाय-फायच्या पासवर्डापेक्षा वेगळा असतो आणि वेगळाच ठेवायचा. वाय-फायचा आपण पाहुण्यांना देतो, हा कुणालाच देत नाही. २०१६मध्ये 'मिराय' नावाच्या मालवेअरने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कुठलीही मोठी हुशारी न करता. कारखान्यातून येणारे ठरावीक नाव-पासवर्ड एकामागून एक लावून पाहिले आणि लाखो उपकरणं उघडली. आपला डबा त्या यादीत राहू नये एवढी काळजी आपल्या हातात आहे.

दुसरं काम फर्मवेअर, म्हणजे डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करणं. ते केबलने जोडूनच करा आणि चालू असताना वीज काढू नका. अर्धवट लिहिलेल्या फर्मवेअरमुळे डबा पुन्हा सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते.

तार

आता वाय-फाय विसरा. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, बाकी सगळी उपकरणं थोडा वेळ बंद ठेवा आणि स्पीड मोजा. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, कारण पुढे वाय-फायची तुलना याच्याशीच करायची आहे. प्लॅनमधला वेग मेगाबिटमध्ये असतो आणि डाउनलोडची खिडकी बऱ्याचदा मेगाबाइटमध्ये दाखवते. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या आसपास दिसलं तर ते बरोबर आहे.

केबलच्या अंगावर 'कॅट ५ई' किंवा 'कॅट ६' छापलेलं असलं की घरासाठी पुरे. १०० मीटरपर्यंत गिगाबिट दोन्हींवर चालतं. आकडा ९४-९५ला अडकला तर वर सांगितलेली शंका घ्या: एखादी तार तुटलेली, जुनी चार तारांची केबल, किंवा राउटरचे पोर्टच १०० एमबीपीएसचे. स्वस्त राउटरांत वाय-फायची जाहिरात १२०० एमबीपीएसची आणि पोर्ट मात्र १००चे, असं सर्रास असतं. खरेदी करताना 'गिगाबिट पोर्ट' हे शब्द आहेत का ते आधी बघावं.

पत्ते: बाहेरचा एक, आतले अनेक

राउटरला बाहेरून, म्हणजे वॅन बाजूने, एक आयपी पत्ता (जाळ्यावर ओळख पटवणारा क्रमांक) मिळतो. घरात मात्र डझनभर उपकरणं असतात. त्यांना राउटर खासगी पत्ते देतो. १९२.१६८ने सुरू होणारे, १०ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१पर्यंतचे पत्ते १९९६पासून अशाच खासगी वापरासाठी राखून ठेवले आहेत. इंटरनेटवर ते चालत नाहीत. आतलं उपकरण बाहेर काही मागतं तेव्हा राउटर त्या पाकिटावरचा (डेटाच्या तुकड्यावरचा) खासगी पत्ता काढून आपला बाहेरचा पत्ता लावतो, कुणी मागितलं होतं याची नोंद ठेवतो आणि उत्तर आलं की नोंद पाहून योग्य उपकरणाकडे पोचवतो. यालाच नॅट म्हणतात.

आता एक छोटी तपासणी करा, पुढे तिचा उपयोग होईल. स्टेटस पानावरचा वॅन आयपी बघा आणि 'माझा आयपी काय' असं सांगणाऱ्या एखाद्या साइटवर दिसणारा पत्ता बघा. दोन्ही सारखे असतील तर बाहेरचा पत्ता तुमचा स्वतःचा आहे. वेगळे असतील आणि वॅनवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला आहे. रोजच्या वापरात त्याने काही अडत नाही. मात्र बाहेरून घरातल्या कॅमेऱ्यापर्यंत पोचायचं असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी घरातल्या ठरावीक उपकरणाकडे वळवणं) कितीही मन लावून केलं तरी चालणार नाही. मग कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागणं किंवा आयपीव्ही६चा (प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता देणाऱ्या नव्या पद्धतीचा) आधार घेणं, एवढेच मार्ग उरतात. ही तपासणी न केल्यामुळे लोक रात्र रात्र सेटिंगांशी झगडताना मी पाहिले आहेत.

वॅनवर १९२.१६८चा पत्ता दिसला तर बहुधा तुमच्या राउटरच्या पुढे आणखी एक राउटर आहे: कंपनीचा डबा एक, तुम्ही आणलेला दुसरा, आणि नॅट दोनदा होतंय. ऑनलाइन गेम आणि काही व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणाऱ्या बंदिस्त खासगी वाटा) इथे रुसतात. उपाय दोन. कंपनीचा डबा ब्रिज मोडमध्ये टाकायचा, म्हणजे तो फक्त मोडेम उरतो. नाहीतर आपला डबा अॅक्सेस पॉइंट म्हणून वापरायचा.

दुसरा उपाय जुना राउटर लांबच्या खोलीत कामाला लावायलाही उत्तम आहे, म्हणून तो नीट सांगतो. जुना राउटर एकटाच लॅपटॉपला जोडा. त्याचा लॅन पत्ता बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. मग त्याचा डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरसारखाच ठेवा. आता मुख्य राउटरच्या लॅन पोर्टातून निघालेली केबल याच्याही लॅन पोर्टात घाला. वॅनचं भोक रिकामं राहू द्या. डीएचसीपी बंद करायचं विसरलात तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतील आणि अर्ध्या उपकरणांना नेट मिळेल, अर्ध्यांना मिळणार नाही. नवख्यांचा गोंधळ बहुतेक इथेच होतो.

डीएचसीपी आणि राखीव पत्ते

राउटरमधली सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यात कामाची सोय ही आहे. डीएचसीपी म्हणजे पत्ते वाटण्याचं काम. नवीन उपकरण जोडलं गेलं की ते 'मला पत्ता द्या' अशी हाक मारतं आणि राउटर ठरावीक मुदतीसाठी एक पत्ता देतो. मुदत संपत आली की उपकरण ती वाढवून मागतं. पण चार दिवस बंद ठेवलेला प्रिंटर पुन्हा चालू केला आणि तेवढ्यात त्याचा पत्ता एखाद्या फोनला गेला असला, तर प्रिंटरला नवा पत्ता मिळतो. लॅपटॉप मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो. 'प्रिंटर ऑफलाइन' असं दिसतं आणि आपण ड्रायव्हर पुन्हा टाकायला बसतो.

हे कायमचं थांबवायला दोन गोष्टी करा. डीएचसीपीची वाटप-मर्यादा १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.२०० अशी ठेवा, म्हणजे शंभराच्या खालचे पत्ते तुमच्या हातात मोकळे राहतात. मग 'अॅड्रेस रिझर्व्हेशन' या पानावर जाऊन प्रिंटर, कॅमेरे, घरातला सर्व्हर यांना एकेक पत्ता कायमचा नेमून द्या. उपकरणाची ओळख मॅक पत्त्यावरून पटते. तो बारा अक्षर-अंकांचा असतो आणि जोडलेल्या उपकरणांच्या यादीत दिसतो. काही राउटर राखीव पत्ताही वाटप-मर्यादेच्या आतलाच मागतात. तसं असेल तर आतला द्या, काही बिघडत नाही.

फोनच्या बाबतीत एक अडचण येते. आताचे फोन माग लागू नये म्हणून प्रत्येक वाय-फायला खोटा मॅक पत्ता दाखवतात. एखाद्या फोनला राखीव पत्ता द्यायचा असेल किंवा त्यावर वेळेची मर्यादा घालायची असेल, तर त्या फोनवर घरच्या नेटवर्कपुरती ही सोय बंद करावी लागते.

आणि एखाद्या संगणकावर १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर समजा की त्याने हाक मारली पण राउटरचं उत्तर आलंच नाही आणि त्याने स्वतःच एक पत्ता घेतला. तेव्हा दोष केबल, पासवर्ड किंवा डीएचसीपी यांतच शोधायचा.

याच पानाजवळ डीएनएसचं सेटिंग असतं. डीएनएस साइटच्या नावाचा आयपी पत्ता शोधून देतो. कंपनीचा डीएनएस अडखळत असेल तर १.१.१.१, ८.८.८.८ किंवा ९.९.९.९ यांपैकी एखादा सार्वजनिक डीएनएस टाकून बघा. नाव शोधायचा वेळ थोडा कमी होईल, डाउनलोडचा वेग वाढणार नाही.

हवा

तार नीट आहे, पत्ते नीट आहेत, आता वाय-फाय. आधी डब्याची जागा. कपाटात, टीव्हीच्या मागे, जमिनीवर, लोखंडी शेल्फात ठेवलेल्या राउटरला कुठलंही सेटिंग वाचवू शकत नाही. घराच्या मध्याजवळ, छातीएवढ्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. अँटेना असतील तर एकच गोष्ट लक्षात घ्या: सिग्नल अँटेनाच्या टोकातून निघत नाही, तो तिच्या आजूबाजूला वळ्यासारखा पसरतो. म्हणून एकाच मजल्यावर वापर असेल तर अँटेना उभ्या ठेवा. वरच्या मजल्यावरही पोचवायचं असेल तर एखादी आडवी करा.

मग बँड, म्हणजे वाय-फायच्या लहरींचा पट्टा. २.४ गिगाहर्ट्झ भिंतींतून लांब जातो पण हळू आणि गर्दीचा. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि ब्लूटूथही तिथेच वावरतात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण दोन-तीन भिंतींत दमतो. २.४मध्ये चॅनेलांची (पट्ट्यातल्या वेगवेगळ्या वाटांची) जागा इतकी अरुंद आहे की १, ६ आणि ११ हीच तीन एकमेकांवर चढत नाहीत. रिकामं दिसतं म्हणून ३ किंवा ८ निवडणं चुकतं. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचं ऐकतात आणि आळीपाळीने बोलतात; अर्धवट चढलेल्या चॅनेलवरचा आवाज मात्र नुसता गोंगाट ठरतो. म्हणून शेजारचा राउटर ६वर असेल तर ४वर जाण्यापेक्षा सरळ ६वरच गेलेलं बरं. या बँडमध्ये चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, ४० नको.

५ गिगाहर्ट्झमध्ये ८० मेगाहर्ट्झची रुंदी बहुतेक घरांना योग्य. इथली ५२ ते १४४ ही चॅनेलं रडारसोबत वाटून घेतलेली आहेत. राउटरला रडारची चाहूल लागली की नियमाप्रमाणे त्याला चॅनेल सोडावं लागतं, आणि अशा चॅनेलवर जाण्याआधी त्याला निदान मिनिटभर ऐकत थांबावं लागतं. अधूनमधून ५ गिगाहर्ट्झचं नावच गायब होऊन थोड्या वेळाने परत येत असेल तर हे कारण तपासा आणि चॅनेल हाताने ३६वर आणा.

दोन्ही बँडना एकच नाव द्यावं की वेगळं? मी एकच देतो, कारण घरात फिरताना फोन आपला आपण बदल करतो. मात्र स्मार्ट बल्ब, प्लग यांच्यासारखी २.४वरच चालणारी उपकरणं जोडताना ५ गिगाहर्ट्झ पाच मिनिटं बंद करून ठेवतो. जोडली गेली की पुन्हा चालू.

कुठल्या कोपऱ्यात काय मिळतंय हे फोनवरच्या वाय-फाय तपासणीच्या अॅपने मोजता येतं. आकडे उणे असतात आणि शून्याच्या जितके जवळ तितके चांगले: उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७पर्यंत व्हिडिओ कॉल निर्धास्त, उणे ८० म्हणजे नावालाच रेंज. घरभर फिरून हे आकडे लिहा. ज्या खोलीत उणे ७५च्या खाली जातं तिथे दुसरा अॅक्सेस पॉइंट हवा. मेश संच (मिळून एकच वाय-फाय देणारे अनेक डबे) घेणार असाल तर शक्य तिथे त्याचे डबे केबलने जोडा. हवेतून जोडलेला डबा स्वतःही उणे ८०वर बसला असेल तर तो पुढे काय वाटणार?

सुरक्षिततेत, म्हणजे वाय-फायच्या कुलुपाच्या प्रकारांत, डब्ल्यूपीए३ असेल तर तो, जुनी उपकरणं अडत असतील तर डब्ल्यूपीए२ आणि ३चा मिश्र मोड. जुना, सहज फुटणारा डब्ल्यूईपी दिसला तर लगेच बदला. डब्ल्यूपीएसचा (पासवर्ड न टाकता उपकरण जोडायच्या सोयीचा) पिन बंद करा: तो दिसायला आठ अंकी असला तरी राउटर त्याचे दोन भाग वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा अंक आधीच्या सातांवरून ठरतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. २०११पासून हे जगजाहीर आहे.

कुणी अपलोड करतं आणि कॉल तुटतो

वेग भरपूर, रेंज चांगली, तरी घरात कुणी फोटोंचा बॅकअप सुरू केला की दुसऱ्याचा कॉल अडखळतो. बहुतेक वेळा याचं कारण रांग असतं. अपलोडची वाट अरुंद, आणि राउटर किंवा मोडेम पाकिटं टाकून न देता लांबच लांब रांगेत उभी करतो. कॉलचं छोटं पाकीट त्या रांगेत शेवटी जाऊन थांबतं. हे डोळ्यांनी बघता येतं. संगणकावर ८.८.८.८ला सतत पिंग लावा, म्हणजे छोटी हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा. निवांत असताना समजा १५ मिलिसेकंद येतात. आता मोठी फाइल अपलोड करा. आकडा ३००-४००वर गेला तर दुखणं हेच.

उपाय क्यूओएस, म्हणजे कुणाच्या पाकिटांना आधी वाट द्यायची ते सांभाळणारी सोय. राउटरमध्ये 'एसक्यूएम', 'केक' किंवा 'एफक्यू कोडेल' असा पर्याय असेल तर तोच घ्या. त्यात वेग भरायचा तो प्लॅनचा नाही, तारेवर मोजून कागदावर लिहिलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के, डाउनलोड आणि अपलोड दोन्हींसाठी. थोडा वेग सोडला की रांग मोडेमकडे न लागता राउटरकडे लागते आणि तो ती शहाणपणाने चालवतो. पुन्हा तीच पिंग चाचणी करा. साध्या क्यूओएसमध्ये फक्त 'या उपकरणाला प्राधान्य' एवढंच असतं. तिथेही अपलोडची मर्यादा घालून बघा, बराच फरक पडतो. मात्र वेगवान लाइनवर स्वस्त राउटरचा प्रोसेसर या कामाला पुरा पडत नाही आणि एकूण वेग खाली येतो. तसं झालं तर बंद करा.

दारं

पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू करा आणि स्मार्ट टीव्ही, बल्ब, स्वस्त कॅमेरे यांनाही तिथेच बसवा. गेस्टवरचं उपकरण इंटरनेटवर जाऊ शकतं, तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोचू शकत नाही. वर्षानुवर्षं अपडेट न मिळणाऱ्या कॅमेऱ्याला एवढंच अंतर योग्य आहे. टीव्हीवर फोनवरून कास्ट करायचं असेल तर मात्र दोन्ही एकाच नेटवर्कवर लागतात.

यूपीएनपी म्हणजे आतल्या उपकरणाने न विचारता बाहेरचं दार उघडून घेणं. गेम कन्सोल नसेल तर बंद ठेवा. असेल तर महिन्यातून एकदा त्या पानावर उघड्या पोर्टांची यादी वाचा. पोर्ट फॉरवर्डिंग करायचंच असेल तर आधी त्या उपकरणाला राखीव पत्ता द्या, नाहीतर उद्या पत्ता बदलेल आणि दार भलत्याच उपकरणावर उघडेल. कॅमेऱ्याचं पान थेट इंटरनेटवर ठेवण्यापेक्षा राउटरमध्ये व्हीपीएन सर्व्हर असेल तर तो वापरा. रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटरची सेटिंग बदलायची सोय) बंद. आयपीव्ही६ चालू असेल तर त्याचा फायरवॉल चालू आहे ना ते वेगळं तपासा, कारण तिथे नॅटचा आडोसा नसतो.

शेवटचं काम

सगळं मनासारखं चालतंय हे दोन दिवस पाहून घ्या आणि मग सेटिंगांची बॅकअप फाइल लॅपटॉपवर उतरवा. एका कागदावर पीपीपीओईचं (कंपनीच्या लाइनवर लॉगिन करायचं) यूजरनेम-पासवर्ड, कंपनीने लाइन ओळखायला दिलेला व्हीलॅन क्रमांक असेल तर तो, राउटरचा पत्ता, अॅडमिन पासवर्ड आणि राखीव पत्त्यांची यादी लिहा. हा कागद घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी दाखवून ठेवा. मागचं बारीक भोक दहा सेकंद दाबलं की डब्यातलं सगळं पुसलं जातं, आणि ते दाबायची वेळ येते तेव्हा यूजरनेम शोधायला नेट चालू नसतं.